देवाचं ऐकायचं म्हणजे कुणाचं?

बेळगावात १ नोव्हेंबरला सकाळी घराबाहेर पडताना शर्टाचा रंग जरा विचार करून निवडावा लागतो. राणी चन्नम्मा चौकाकडे गेलात तर पिवळे-तांबडे झेंडे, ढोल, राज्योत्सवाची मिरवणूक. इकडे मराठी वस्तीत काळा दिवस: दंडाला काळी फीत, हातात काळा झेंडा, निषेधाची सायकल फेरी, आणि यंदा परवानगी मिळाली की नाही याची चहाच्या टपरीवर चर्चा. १९५६ साली याच तारखेला हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून हे चालू आहे. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या दिनदर्शिकेत मात्र १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, आणि २ नोव्हेंबर मृतांचा. त्यामुळे शहरात घोषणा चालू असतात तेव्हा आम्ही बऱ्याचदा कबरस्तानात गवत काढत असतो. माझ्या आजोबांच्या कबरीवरचा मजकूर मराठीत आहे. शेजारची कबर कन्नड, तिच्या पलीकडे इंग्रजी, आणि भिंतीकडेला पलटणीबरोबर इथे आलेल्या कुणाची तरी तमिळ अक्षरं, आता पुसट झालेली.

त्यातल्या कितीतरी दगडांवर एकच वचन कोरलेलं आहे, बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायातलं, मरेपर्यंत विश्वासू राहण्याचं. जिवंत माणसं या शब्दाचं काय करतात, याबद्दल मला लिहायचं आहे.

सीमाभागात निष्ठा हा शब्द देवळापेक्षा सभेत जास्त ऐकू येतो. निष्ठावंत म्हणजे जो ऐनवेळी पलीकडे गेला नाही तो. या अर्थाची मी टिंगल करत नाही. माझ्या वडिलांच्या पिढीने त्यासाठी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिला. पण हाच अर्थ आम्ही नकळत खिशात घालून उपासनेला नेला आहे. देवाशी विश्वासू म्हणजे आपल्या बाजूचा, आणि आज्ञाधारक म्हणजे वरचे सांगतील ते मान खाली घालून करणारा, असं समीकरण बसलं आहे. मला ते चुकीचं वाटतं. इतकंच नाही, तर या समीकरणामुळे ज्याचं ऐकायला आपण देवळात जातो त्याचंच ऐकायचं राहून जातं, असं माझं म्हणणं आहे.

एक प्रसंग सांगतो. मंडळीचं, म्हणजे चर्चचं, नाव सांगत नाही. वाचणाऱ्याला आपली वाटली तर वाटू दे. सकाळी साडेआठची उपासना मराठी. गेल्या काही वर्षांत बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाककडून नोकरीला आणि शिक्षणाला आलेली कन्नड कुटुंबं वाढली. त्यांना दुपारी चारची वेळ दिलेली. पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मे महिन्यात दुपारी चारला बसून पाहा, मग प्रभूच्या सान्निध्याचा काय अनुभव येतो ते सांगा. त्यांनी विनंती केली की महिन्यातून एका रविवारी सकाळची वेळ आम्हाला द्या. कार्यकारिणीत तासभर चर्चा झाली. आज सकाळ मागतात, उद्या फलक मागतील, परवा अख्खं देऊळ, असं एक जण म्हणाले. मोठ्याने कोणी हसलं नाही, पण मनातून सगळ्यांनी मान डोलावली. हात वर करून मत घेतलं, विनंती फेटाळली. मीही हात वर केला होता. मग प्रार्थना झाली, आणि प्रार्थनेत आम्ही देवाला सांगितलं की आम्हाला तुझ्याशी विश्वासू राहायला शिकव.

पुढच्या महिन्यात त्यांच्यातला एक तरुण पुन्हा विचारायला आला तेव्हा त्याला इब्री लोकांस पत्रातलं वचन ऐकवण्यात आलं, आपल्या अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहा असं सांगणारं. तो गप्प झाला. आम्ही त्याला नम्रपणा शिकवला, अशी आमची समजूत.

त्या दिवसापासून एक शब्द माझ्या डोक्यात घोळतो आहे, आणि तो धर्मशास्त्राच्या पुस्तकातला नाही. लहानपणी आई माझ्याबद्दल म्हणायची, हा ऐकत नाही. माझे कान चांगले होते, तिला ते माहीत होतं. मराठीत ऐकणं म्हणजे कानावर पडणं, आणि ऐकणं म्हणजे सांगितलेलं करणंही. भिंतीपलीकडच्या कन्नड काकू आपल्या पोराबद्दल तेच म्हणायच्या: हेळिद मात केळंगिल्ल. सांगितलेली गोष्ट केळत नाही. दोन घरं, दोन भाषा, पोरांबद्दलची तक्रार एक, आणि तक्रार करायचं क्रियापदही एकाच घडणीचं.

गंमत अशी की इब्री भाषेचीही घडण तीच आहे. ‘शामा’ म्हणजे ऐकणं, आणि शामा म्हणजेच आज्ञा पाळणं. इस्राएलाचा रोजचा पाठ सुरू होतो तो ‘हे इस्राएला, ऐक’ या हाकेने. नव्या कराराच्या ग्रीकमध्येही आज्ञापालनाचा मुख्य शब्द ऐकण्याच्या धातूवरूनच आला आहे. प्रेषित पौल फिलिप्पैकरांना ख्रिस्ताच्या लीनतेबद्दल लिहितो, तो मरणापर्यंत आज्ञाधारक झाला असं म्हणतो, तेव्हा त्या शब्दातही कान आहे. मराठीत आपण ‘आज्ञापालन’ असा जड शब्द करून ठेवला आणि त्यात हुकूम, शिस्त, कवायत शिरली. बेळगाव हे लष्कराचं गाव असल्यामुळे कवायत आम्हाला लगेच समजते, हा भाग वेगळा.

शौल राजाची गोष्ट या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात शौल लढाई जिंकून येतो आणि शमुवेल संदेष्ट्याला छाती पुढे काढून सांगतो की मी परमेश्वराची आज्ञा पाळली. शमुवेल विचारतो, मग माझ्या कानावर हे मेंढरांचं बें बें काय येतंय? लुटीतली उत्तम जनावरं शौलाने राखून ठेवली होती, आणि कारण काय दिलं, तर देवाला अर्पण करायला! त्यानंतर शमुवेलाचं ते प्रसिद्ध उत्तर येतं, की यज्ञापेक्षा ऐकणं बरं. मूळ भाषेत त्या जनावरांचा आवाज ऐकणं आणि देवाचं ऐकणं यांचं क्रियापद एकच आहे. लिहिणाऱ्याने ती कोपरखळी मुद्दाम मारली आहे असं मला वाटतं. शौलाच्या तोंडी देवाचं नाव आणि मागे मेंढरांचा कालवा. आमच्या कार्यकारिणीच्या त्या प्रार्थनेच्या मागे कसला कालवा होता, हे दुपारी चारला पत्र्याखाली बसणाऱ्यांनी बरोबर ऐकलं असणार.

इथे एक कबुली द्यायला हवी. त्या अध्यायात शौलाला मिळालेली आज्ञा अमालेक्यांची बायकापोरांसकट कत्तल करण्याची आहे. ती मला पचत नाही. पाळकांना विचारलं तर ते विषय बदलतात, आणि भाष्यकार दोन पानं लिहूनही समाधान करत नाहीत. शौलाला जर ती आज्ञा खुपली असती, आणि लहान लेकरांसाठी त्याने देवाशी वाद घातला असता, तर मी शौलाच्या बाजूला उभा राहिलो असतो. पण त्याने वाद घातला नाही. गरीब पोरं मारली आणि धष्टपुष्ट मेंढरं राखली. त्याने ऐकलंही नाही आणि विचारलंही नाही.

आणि इथे कन्नड आपल्याला मराठीपेक्षा एक पाऊल पुढे नेते. कन्नडमध्ये ‘केळु’चा तिसरा अर्थ आहे विचारणं. प्रश्न विचारायचा तर केळु, सल्ला विचारायचा तर केळु. कानाने घेणं, मानणं आणि विचारणं, तिन्हीला एकच क्रियापद. मी जन्मभर हा शब्द बाजारात वापरला, भाजीचा भाव विचारताना, बसस्टँडवर निपाणीची गाडी विचारताना. त्यात आज्ञाधारकपणाची अख्खी शिकवण आहे, हे पन्नाशीनंतर कळलं.

कारण शास्त्रातली आज्ञाधारक माणसं बघा, ती सगळी विचारणारी आहेत. सदोमाचा नाश होणार असं कळल्यावर अब्राहाम देवाशी घासाघीस करतो: पन्नास नीतिमान असले तर? पंचेचाळीस? चाळीस? दहापर्यंत उतरवतो, शनिवारच्या बाजारात बसल्यासारखा. मरीयेला गब्रीएल सांगतो की तुला पुत्र होईल, तर ती आधी विचारते, हे कसं होईल; आणि मग म्हणते, मी प्रभूची दासी. तिच्या ‘दासी’ या शब्दावर शेकडो प्रवचनं ऐकली, तिच्या प्रश्नावर एकही आठवत नाही. जखऱ्यानेही याच अध्यायात प्रश्न विचारला आणि त्याची वाचा गेली, हे कोणी तरी मला लगेच दाखवून देईल. खरं आहे. जखऱ्या खूण मागत होता, मरीया वाट विचारत होती. एक प्रश्न पाय मागे ओढण्यासाठी असतो आणि एक पाऊल टाकण्यासाठी, त्यातला फरक देवाला कळतो असं दिसतं. आणि गेथशेमाने बागेत तर प्रत्यक्ष पुत्राने तीनदा विचारलं, हा प्याला टळू शकतो का? तीनदा. मग उठला आणि गेला. जो विचारत नाही तो अधिक नम्र, असं असतं तर ती रात्र शुभवर्तमानात लिहून ठेवली नसती.

आता त्या तरुणाच्या तोंडावर आम्ही जे वचन मारलं त्याकडे येतो. इब्री लोकांस पत्र, अध्याय तेरावा, वचन सतरावं. प्रत्येक मंडळीतल्या वडीलधाऱ्यांचं हे आवडतं वचन. ग्रीकमध्ये तिथे जे पहिलं क्रियापद आहे त्याचा मूळ अर्थ ‘पटवून घेणं’ असा आहे. पुढारी सांगतील ते पटवून घ्या, आडमुठेपणा करू नका, कारण ते तुमच्या जिवांसाठी हिशेब देणार आहेत. म्हणजे पटवण्याची जबाबदारीही पुढाऱ्यावर आलीच. आईबापांच्या बाबतीत मुलांना सांगताना पौल ऐकण्याचंच क्रियापद वापरतो, आणि दासांना धन्याबद्दल सांगतानाही, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या दुसऱ्या वचनाने गुलामगिरी टिकवणाऱ्यांची किती सोय केली हे जगाला माहीत आहे. पण पाळक आणि मंडळी हे नातं धनी-दासाचं नाही. आमच्याकडे ते तसं झालं आहे. पाळकाच्या बदलीवर, जमिनीच्या भाडेकरारावर, शाळेच्या प्रवेशावर कोणी हिशेब विचारला की ‘बंडखोर आत्मा’ म्हणायचं, म्हणजे काम झालं.

पंडिता रमाबाईंची आठवण मला इथे सगळ्यात जास्त होते. १८५८ साली त्यांचा जन्म झाला तो आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात, एका मराठी शास्त्र्याच्या घरी. दोन्ही राज्यांनी हक्क सांगावा अशी बाई, आणि दोन्ही राज्यांना अडचणीची. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर तिथल्या धर्मभगिनींनी आणि बिशपांनी अपेक्षा केली की आता चर्च सांगेल ते रमाबाईंनी मानावं. रमाबाईंनी १८८५ मधल्या पत्रांत स्पष्ट कळवलं की भारतातल्या पुरोहितांचं जू मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं आहे. पाद्री म्हणतात तेच परात्पराचं म्हणणं असं धरून दुसरं तसलंच जू मी घेणार नाही. ज्यांनी त्यांना आसरा दिला होता त्यांना हे लिहिलं, विधवा, परक्या देशात, पदरी लहान मुलगी असताना.

हीच बाई पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या, टाकलेल्या मुली-बायकांसाठी राबली. इब्री आणि ग्रीक स्वतः शिकली, आणि अडाणी बायकांना वाचता येईल अशा साध्या मराठीत अख्खं पवित्र शास्त्र उतरवलं. वर्षानुवर्षं चाललेलं ते काम पुरं करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. याला आज्ञाधारकपणा म्हणायचं नाही तर कशाला? वाँटेजला नाही म्हणणारा कान आणि केडगावला होय म्हणणारा कान एकच होता. माणसाच्या तोंडून आलेला प्रत्येक हुकूम देवाचा मानला असता तर देवाचं काम करायला वेळ कुठून मिळाला असता?

सरकारचा प्रश्न याहून अवघड. २३ डिसेंबर २०२१ रोजी, नाताळच्या दोन दिवस आधी, इथल्याच सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केलं. मे २०२२ मध्ये अध्यादेश निघाला, सप्टेंबरमध्ये विधान परिषदेनेही मान्यता दिली. आमिष दाखवून धर्मांतर करवणं हा त्यात गुन्हा, आणि धर्म बदलायचा तर ३० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, अशी अट. जून २०२३ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो कायदा रद्द करायचं ठरवलं. त्या दीड वर्षात खेड्यापाड्यांतल्या घरगुती प्रार्थना कुजबुजीवर आल्या, हे मी जवळून पाहिलं. तेव्हा एक गट म्हणायचा, रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय वाचा, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा. दुसरा गट प्रेषितांच्या कृत्यांतला पेत्र उभा करायचा: माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे.

दोन्ही गट अर्धंच वाचत होते. रोमकरांस पत्रात सत्तेबद्दल जो शब्द आहे तो ‘अधीन असा’ हा आहे; तिथे ऐकण्याचं क्रियापद नाही. सत्तेला तिची जागा द्या, कर द्या, मान द्या. कान देवाचा. मिसरातल्या शिप्रा आणि पुवा या सुइणींनी फारोचा हुकूम मोडून इब्री मुलगे जगवले, आणि त्या देवाला भीत होत्या एवढंच कारण शास्त्र देतं. पण पेत्राचं वाक्य उठता-बसता फेकणाऱ्यांनाही मला एक विचारायचं आहे. तुमच्या अवज्ञेची किंमत कोण मोजतो? दानीएलाच्या पुस्तकातले तिघे तरुण राजाला म्हणतात की आमचा देव आम्हाला भट्टीतून वाचवेल, आणि नाही वाचवलं तरी आम्ही नमणार नाही. भट्टीत ते स्वतः जाणार होते. स्टेजवरून गर्जना करायची आणि पोलीस आल्यावर पकडला जायचा तो ज्याच्या घरात प्रार्थना होती तो वीटभट्टीवरचा मजूर, हे धैर्य मला मान्य नाही.

आणि आमिषाचा मुद्दा निघालाच आहे तर तेही बोलू. शेजाऱ्यांच्या नवसाला आम्ही हसतो. पण ‘दशांश दे, देव तुला दसपट देईल’, ‘चाळीस दिवस उपास कर, पोराला सरकारी नोकरी लागेल’ हा नवसच आहे, फक्त नारळ नाही. कायदा असो नसो, येशूच्या नावाने असलं काही कबूल करणं हे आमिष आहे. लूकच्या सतराव्या अध्यायात धनी दिवसभर राबलेल्या दासाचे आभार मानत नाही, आणि आपणही सगळं करून ‘आम्ही निरुपयोगी दास’ म्हणावं असं येशू सांगतो. हे वचन प्रार्थना-महोत्सवाच्या फ्लेक्सवर कधी दिसलं तर मला फोटो पाठवा.

दाखल्याचा प्रश्न मात्र मी असा झटकून टाकू शकत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती झालेल्यांना नाही. त्यामुळे निपाणी-चिकोडीकडच्या, खानापूरकडच्या कितीतरी घरांत शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा. या माणसांना अविश्वासू म्हणणारी प्रवचनं मी ऐकली आहेत, बहुधा ज्यांच्या घराण्याला कधी दाखल्याची गरज पडली नाही त्यांच्या तोंडून. राजांच्या दुसऱ्या पुस्तकातला अरामी सेनापती नामान आठवा. कोड बरा झाल्यावर तो अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, मी यापुढे परमेश्वरालाच भजेन, पण माझा राजा रिम्मोनाच्या मंदिरात माझ्या हातावर टेकून नमतो तेव्हा मलाही वाकावं लागेल, तेवढी क्षमा असावी. अलीशा काय म्हणतो? शांतीने जा. एवढंच. व्याख्यान नाही, अट नाही.

दाखल्यावरचं खोटं खरं होतं असं मी म्हणत नाही. आतून माणूस पोखरला जातो, आणि अशा घरातली मुलं आपलं नाव सांगतानाही आधी समोरच्याचा चेहरा वाचतात. पण ज्या मंडळीने त्या मुलांच्या फीची सोय केली नाही, वसतिगृहाची खोली दिली नाही, तिने व्यासपीठावरून विश्वासूपणाची मागणी करू नये. मागायचं असेल तर दिल्लीकडे मागावं, की एका माणसाला पोट आणि देव यांत निवड करायला लावणारा हा आदेश बदला. पौलाने फटके बसायच्या आधी आपलं रोमी नागरिकत्व काढून दाखवलं होतं आणि कैसराकडे दाद मागितली होती. हक्क मागण्याने नम्रपणा कमी होत नाही.

खरं तर विश्वासूपणाची परीक्षा बहुतेकांची अशा मोठ्या जागी होतच नाही. माझे एक नातेवाईक उसाच्या हंगामात एका कारखान्याच्या काट्यावर बसायचे. बैलगाडीमागे थोडं, ट्रॅक्टरमागे जास्त, अशी काटामारी ठरलेली. त्यांनी दोन हंगाम डोळे मिटले, तिसऱ्या हंगामात मिटवेनात. त्यांना काट्यावरून उठवून उन्हात यार्डात उभं केलं. पगार तोच, पण वरकमाई गेली आणि घरात वर्षभर भांडण. देवळात त्यांनी याची कधी साक्ष दिली नाही. साक्षीत आजार बरे होतात, नोकऱ्या लागतात. नोकरीवरून बाजूला केलं म्हणून देवाचे आभार, अशी साक्ष द्यायची आमच्यात पद्धत नाही.

आता पुन्हा त्या साडेआठच्या वेळेकडे.

पहिल्या मंडळीतलं पहिलं नोंदलेलं भांडण भाषेचं होतं, हे आपण विसरतो. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय: ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांनी कुरकुर केली की रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांना डावलतात, इब्री बोलणाऱ्यांच्या विधवांना मिळतं. प्रेषितांच्या हातात सत्ता होती, आणि ते स्वतः इब्री गटातले. आज्ञेत राहा असं ते सहज सांगू शकले असते. त्यांनी सात माणसं निवडायला सांगितली. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावं ग्रीक. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच भाषेच्या नावांच्या माणसांकडे भांडाराची किल्ली दिली. फलक मागतील, देऊळ मागतील, अशी भीती यरुशलेमेत कोणी बोलून दाखवली असेल की नाही कोण जाणे. त्याआधी पन्नासाव्या दिवसाच्या सणाला जो चमत्कार झाला तोही लूक कानाच्या अंगाने सांगतो: प्रत्येकाने आपापल्या भाषेत ऐकलं.

माझे मित्र यावर जे म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि त्यात तथ्य आहे. ते म्हणतात, इथे दबलेला कोण आहे? मराठी माणूस. कागदपत्रं कन्नडमध्ये, बसवरच्या पाट्या कन्नडमध्ये, २०२४ पासून दुकानांच्या फलकांवर साठ टक्के कन्नड. सीमावादावरचा महाजन अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा, दोन पिढ्या वाट बघून म्हाताऱ्या झाल्या. मराठीला एवढी एक देवळाची सकाळ उरली आहे, तीही नम्रपणाच्या नावाखाली सोडायची? बेळगावात लंडन मिशनचं काम १८२० मध्ये सुरू झालं आणि कॅथलिकांचा धर्मप्रांत १९५३ चा; दोन्ही या सीमेच्या आधीचे. मग सीमेचं ओझं चर्चने का उचलावं?

माझं उत्तर असं. जिल्हाधिकारी कार्यालयात मी अल्पसंख्य आहे, तिथे मी माझ्या भाषेतला अर्ज मागणार, मोर्चात जाणार, आणि त्यात मला पाप वाटत नाही. पण साडेआठ वाजता त्या देवळात मी बहुसंख्य आहे. किल्ली माझ्या खिशात आहे. नम्रता मागितली जाते ती त्या खोलीत ज्याच्याकडे किल्ली आहे त्याच्याकडे. गोकाक किंवा बैलहोंगलच्या कन्नड मंडळीत दोन मराठी कुटुंबं कोपऱ्यात बसत असतील तर तिथे हाच हिशेब उलटा लागू होतो, आणि तिथल्या बांधवांना मी हेच सांगेन, शक्य तितक्या चांगल्या कन्नडमध्ये. बाहेर आपल्यावर होतो तो अन्याय आत दुसऱ्यावर करून फिटत नाही. आणि मराठी त्या एका सकाळीने मरणार असेल तर ती आधीच आपण मुलांना इंग्रजी शाळेत घातलं तेव्हा मेली. माझी दोन्ही मुलं तिथेच शिकली, म्हणून हे मी जरा हळू आवाजात म्हणतो.

चारशे वर्षांपूर्वी घाटाखाली गोव्यात एका इंग्रज पाद्र्याने मराठी शिकून जवळपास अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं, १६१६ साली ते छापलं गेलं. फादर स्टीफन्सच्या त्या मराठीचा आम्ही अभिमान मिरवतो. परक्याने आपली भाषा कानात घेतली की तो संत, आणि आपण शेजाऱ्याची घ्यायची वेळ आली की ती शरणागती, हे काही बरोबर नाही.

पुढच्या महिन्यात कार्यकारिणीची पुन्हा बैठक आहे. विषयपत्रिकेत हा विषय नाही. मी तो लेखी दिला आहे आणि सचिवांनी ‘वेळ उरल्यास’ असा शेरा मारून ठेवला आहे. मी या वेळी दुसऱ्या बाजूने हात वर करणार. माझे थोरले बंधूही कार्यकारिणीत आहेत, ते विरुद्ध मत देणार आहेत आणि त्यांनी तसं मला जेवताना सांगितलंही. त्या तरुणाला मी भेटून आलो. मराठीतच बोलत होतो. मध्येच मी अडखळत कन्नडमध्ये म्हणालो की तू परत विचार, केळु. तो हसला. म्हणाला, अंकल, तुमचं कन्नड बाजारचं आहे.